मोगरीचा काला

बन्सीलाल रिटायर झाला तेव्हा मिलने त्याला शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि सुंदराच्या डोक्याला ताप दिला. चौतीस वर्षं हा गडी गुजरातेतल्या पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलरवर होता. बॉयलर सोडून जगातलं दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि बमरोलीच्या दोन खोल्यांत बॉयलर कुठून असणार? मग त्याने गॅसची शेगडी धरली. ज्योत एवढी मोठी कशाला, झाकण तिरकं का, वाफ फुकट चालली ती चालली! सुंदराने पंधरा दिवस मुकाट्याने ऐकलं. सोळाव्या दिवशी तिने सायकलच्या कुलुपाची चावी त्याच्या हातावर ठेवली आणि जेवायच्या वेळेआधी तोंड दाखवू नका म्हणून बजावलं.

अशा रीतीने बन्सीलाल घोड्यांपर्यंत पोचला.

भेस्तानच्या बाजूला, वसाहत संपते तिथे, तारेचं कुंपण घातलेलं एक मोकळं रान होतं. मगनभाई नावाच्या माणसाचं. वरघोड्यासाठी, म्हणजे नवरदेवाच्या वरातीसाठी, घोड्या भाड्याने द्यायचा त्याचा धंदा, आणि त्या तीन घोड्या लग्नं नसली की तिथे सुट्या चरत असत. केसर आणि तेजल तरण्या होत्या, अंगाने भरलेल्या आणि स्वभावाने आगाऊ. तिसरी मोगरी. पांढरीशुभ्र, बावीस वर्षांची, डोळ्यांत सगळ्या जगाला माफ करून टाकल्याचा भाव. बन्सीलालने तिला पाहताक्षणी ओळखलं. बारा वर्षांपूर्वी जयश्रीच्या, म्हणजे त्याच्या लेकीच्या लग्नात, जावई ललित हिच्याच पाठीवर बसून आला होता. कोणीतरी बँडवाल्यांच्या पायात फटाक्यांची माळ टाकली, बँडवाले पळाले, वरातीतले काके-मामे पळाले, आणि ही बया मात्र नवरदेवाला घेऊन जागच्या जागी उभी राहिली होती. ललित त्या दिवशी पडला असता तर जयश्रीच्या सासूने ते आजपर्यंत ऐकवलं असतं.

तेव्हापासून बन्सीलाल रोज जाऊ लागला. आधी कुंपणाबाहेर उभा राहायचा, मग आत लीद भरू लागला, मग दिवाळीपर्यंत मगनभाईला तो नसला की चुकल्यासारखं वाटू लागलं.

आता गुजरातेत डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, कमुरता असतात. त्या महिन्यात कोणी लग्न काढत नाही, म्हणजे घोड्यांना सुट्टी. पण सुट्टीही अशा दिवसांत येते की रानातलं गवत वाळून पिवळं पडलेलं, पहाटे धुकं, आणि जनावराला अंग तापवायला चारा जास्त लागतो. दर वर्षी हा महिना मगनभाई स्वतः काढायचा. यंदा त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, म्हणून आधीच्या पंधरवड्यातल्या वराती सोडून तो डिसेंबर लागताच दीड महिना नवसारीला लेकीकडे जाऊन पडणार होता. त्याने घोड्या बन्सीलालच्या हवाली केल्या. शेडमध्ये कडब्याच्या पेंढ्या आणि वाळलं गवत भरून ठेवलं, कोंड्याची पोती दाखवली, हरभरा भिजवून मूठभरच द्यायचा, जास्त दिला तर पोट धरून लोळतील असं तीनदा सांगितलं. मग जाताजाता मोगरीच्या मानेवर हात ठेवून त्याने खरी गोष्ट सांगितली. मागच्या हिवाळ्यात ती हाडांवर आली होती. पुन्हा तसं झालं तर तिला इथे कुढत ठेवणं पाप आहे. उत्तरायणाला तो येऊन बघणार होता. लांबून फासळ्या मोजता आल्या, तर दुसऱ्या दिवशी पांजरापोळची गाडी येऊन तिला घेऊन जाणार. तसं त्याने तिथे बोलूनही ठेवलं होतं.

बन्सीलाल हसला. चौतीस वर्षं ज्याने बारा टनांचा बॉयलर थंड पडू दिला नाही, त्याला एक घोडी गरम ठेवणं काय अवघड? असं तो त्या दिवशी घरी येऊन सुंदरालाही म्हणाला. सुंदरा चहात भाकर बुडवून खात होती. हल्ली तिला भाकर तशीच आवडायची. तिने एवढंच विचारलं की बॉयलर लाथ मारतो का.

कामाला लागला बुवा गडी. सकाळी सहाला सायकल काढायची, तिन्ही घोड्यांपुढे चारा टाकायचा, दर तीन तासांनी भर घालायची. भट्टी कधी रिकामी ठेवायची नाही आणि कधी कोंबायची नाही, हे त्याच्या हाडामांसात मुरलेलं. केसर आणि तेजल आठवड्याभरात अशा तुकतुकीत दिसू लागल्या की येणारेजाणारे थांबून बघत. मोगरी मात्र उतरत चालली. आधी कुल्ह्यांची हाडं वर आली, मग पाठीचा कणा. दहाव्या दिवशी शेवटच्या दोन फासळ्या उन्हात स्पष्ट दिसल्या.

बन्सीलालने चारा वाढवला. फासळ्या तीन झाल्या.

मग त्याला वाटलं की थंडी बाधते. सुंदराकडे मिलच्या साड्यांचे तुकडे पोतंभर पडलेले होते. तिने चार दिवसांत घोडीच्या मापाची गोधडी शिवून दिली. गुलाबी फुलं, मोरपिशी काठ, मधे कुठेतरी जरीचा पदर. मोगरी ती अंगावर घेऊन रानात उभी राहिली तेव्हा शेजारचा काशिनाथ, जो पॉवरलूमवरून सुटून मुद्दाम वाट वाकडी करून आला होता, म्हणाला की आता हळदीकुंकवाला बोलवायची तेवढी राहिली. बन्सीलालने त्याला लिदीची पाटी उचलायला लावली. पण फासळ्या काही बुजेनात.

मग त्याला वाटलं की बाकीच्या दोघी तिच्या वाटचं खातात. खात होत्याच त्या, केसर तर गोधडीचा काठसुद्धा खाऊन बसली. त्याने मोगरीला वेगळं बांधलं. आता तर पुढ्यात सगळा चारा तिचाच. ती खायची, खरंच मन लावून खायची, आणि जरा वेळाने तोंडातून चघळलेल्या गवताचा ओला बोळा खाली टाकून द्यायची. दिवसाअखेर तिच्या पायाशी असे पंधरा-वीस बोळे पडलेले असत. बन्सीलालला हा शुद्ध नखरा वाटला. त्याने गवत बदललं, कडबा दिला. बोळे. कडबा बदलला, हिरवा लसूणघास आणला. तो थोडा गेला, पण पुन्हा बोळे. एके दुपारी त्याचा तोल सुटला आणि त्याने तिला चांगलं फैलावर घेतलं. गाडी येईल गं गाडी, मग तिथे शंभर गायींत उभी राहा आणि कर नखरे! मोगरीने शांतपणे त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकली. त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि तो शेडमागे जाऊन उगाच विडी शोधत बसला, जी त्याने सात वर्षांपूर्वी सोडली होती.

नाताळच्या सुमाराची गोष्ट. उत्तरायणाला तीन आठवडे उरले होते. सुंदरा दुपारचा डबा आणि गोधडीच्या दुरुस्तीसाठी सुईदोरा घेऊन रिक्षाने आली होती. बन्सीलाल पहिला घास घेणार, तेवढ्यात फोन वाजला. त्याच्या जागी लागलेला भिकन मिलमधून घाबराघुबरा बोलत होता. काका, प्रेशर चढतच नाही, सकाळपासून कोळसा टाकतोय, दुप्पट टाकला, तिप्पट टाकला, काटा खालीच येतोय.

बन्सीलाल उसळला. "अरे गधड्या, राख पाहिलीस का राख? राख बघितल्याशिवाय फावडं उचलायचं नाही, कितीदा सांगितलं तुला? न जळलेले गोटे पडत असतील खाली! तुझा कोळसा जळतच नाहीये, आणि तू वरून आणखी—"

फोनमध्ये भिकन हॅलो हॅलो करत राहिला. बन्सीलालने फोन बंद केला, हात धुतले नाहीत, काही नाही, तडक उठून मोगरीच्या लिदीकडे गेला आणि काडीने ती उकलून बघू लागला. सुंदराने कपाळाला हात लावला. पण तो भान हरपून बघत होता. केसरची लीद बारीक, पीठ झालेली. तेजलचीही तशीच. मोगरीच्या लिदीत बोटाबोटाएवढ्या काड्या होत्या, गेल्या तशा आल्या होत्या. महिना होत आला, रोज पाट्याच्या पाट्या त्याने स्वतःच्या हाताने उचलल्या, आणि एकदाही बघितलं नाही. चौतीस वर्षं पोरांना जे शिकवलं, तेच विसरून बसला होता. भिकनला शिव्या देताना त्या अर्ध्या स्वतःलाच बसल्या.

त्याने मोगरीचा ओठ हळूच बाजूला केला आणि सुंदराला फोनची बत्ती धरायला लावली. एका बाजूच्या दोन दाढा नव्हत्याच. बाकीच्या टाकी न लावलेल्या जात्यासारख्या गुळगुळीत झालेल्या. बिचारी इतके दिवस चावायचा प्रयत्न करत होती, जमत नव्हतं तेव्हा बोळा टाकून देत होती, आणि हा तिला नखरेल म्हणत होता.

बन्सीलालने मोगरीचा ओठ सोडला. माणसाला कवळी करता येते, घोडीला कोण करणार? तीन आठवड्यांत दात काही फुटणार नव्हते. संपलं सगळं, येणार ती गाडी, असं काहीबाही तो बडबडू लागला.

सुंदरा सुईत दोरा ओवत होती. तिने मान वर केली नाही.

"दात नहीत ते नहीत," ती म्हणाली. "काला कालवी द्या तिले. त्यामा काय रडानं?"

"काला?"

"मंग? तुम्हनी मायले आठ वरीस मी तेच दिधं."

बन्सीलालची आई शेवटची आठ वर्षं त्यांच्याकडे बमरोलीलाच होती. तिला जाऊन तेरा वर्षं झाली. तिला दात नव्हते हे त्याला माहीत होतं, म्हणजे असायला हवं होतं. पण बारा तासांची पाळी, तो यायचा तेव्हा आई जेवून अंथरुणावर पडलेली असायची. पगाराच्या दिवशी मात्र तो न चुकता तिच्यासाठी शेंगदाण्याची चिक्की न्यायचा, आणि आई तुकडा तोंडात धरून डोळे मिटून म्हणायची, गोड शे रे बन्सी. कडक चिक्की, दात नसलेल्या म्हातारीला! आठ वर्षं! त्याने विचारलं की त्या चिक्कीचं ती काय करायची. सुंदराने दोरा दातांनी तोडायला तोंडाकडे नेला, मग बेत बदलून कात्री घेतली आणि सांगितलं की जयश्रीला द्यायची, दुसरं काय करणार.

"माले तू सांगं काबर नही?" तो म्हणाला.

"तुम्ही ड्यूटीवर व्हतात," सुंदरा म्हणाली. त्यात ना टोमणा होता ना तक्रार, आणि म्हणूनच ते त्याला जास्त लागलं. तो उठून मोगरीच्या पलीकडे गेला आणि बराच वेळ तिची आयाळ विंचरत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून रानाचा कारभार सुंदराने हातात घेतला. जवळच्या तबेल्यात कडबाकुट्टीचं मशीन होतं, तिथून चारा बारीक करून आणायचा. पाणी कोमट हवं, कारण हौदाचं गार पाणी दातांना झोंबतं आणि म्हातारी कमी पिते, हे सुंदराला सासूच्या अनुभवाने पाठ होतं. घरी माळ्यावर तांब्याचा जुना बंब पडलेला होता. बन्सीलालने तो चिंच लावून घासला, सायकलला बांधून आणला, शेडपुढे मांडला आणि पेटवला. धूर निघाला, पाणी सणसणू लागलं, आणि बन्सीलालच्या चेहऱ्यावर अशी कळा आली की काय सांगावं! रिटायर झाल्यापासून इतका खुश तो दिसला नव्हता. छोटासा का होईना, बॉयलर होता.

कुट्टी, कोंडा, कोमट पाणी आणि चवीपुरता गूळ घमेल्यात घालून सुंदरा कोपरापर्यंत हात भरून कालवायची. घट्ट झाला तर घशाला बसतो, पातळ झाला तर नुसतं पाणीच पोटात जातं. बन्सीलालला ते प्रमाण तीन दिवस जमलं नाही आणि त्याने तीन दिवस बोलणी खाल्ली. गॅसच्या शेगडीचा सगळा हिशेब चुकता झाला म्हणायचा. जनावरांच्या डॉक्टरबाई एकदा येऊन मोगरीचं तोंड तपासून गेल्या, घमेल्यात बोट घालून बघितलं आणि गूळ कमी करा, बाकी हेच चालू ठेवा म्हणाल्या.

पहिल्या दिवशी मोगरीने घमेल्यात नाक खुपसलं ते बाहेर काढलं तेव्हा डोळ्यांपर्यंत माखलेली होती. बोळा एकही पडला नाही. पण गंमत अशी की माणूस उठून गेलं की ती खायची थांबायची आणि मान वळवून बघत राहायची. सुंदरा म्हणाली, सासूबाईंचंही असंच होतं, एकट्या जेवत नसत, समोर बसून काहीतरी बोलत राहावं लागे. बोलायचं तरी काय, असं बन्सीलालने विचारलं. काहीही, कोणाचं काय चाललंय ते. मग दिवसातून पाच वेळा बन्सीलाल पोत्यावर बसून मोगरीला गोष्टी सांगू लागला. भिकनचं प्रेशर चढल्याचं सांगितलं. जयश्रीच्या सासूचं सांगितलं. एकदा, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, आईची चिक्कीची गोष्टही सांगितली. मोगरी काला चाटत ऐकत होती. असं आईपुढे एकदा तरी बसलो असतो तर, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या दिवशी तो घमेलं रिकामं झाल्यावरही बराच वेळ बसून राहिला.

उत्तरायणाची सकाळ उजाडली. गच्च्यांवर भोंगे लागले, पतंग कापला की काप्यो छे, काप्यो छेच्या आरोळ्या उठल्या, आणि पुण्य कमवायला निघालेली माणसं बाजरीची घुघरी आणि लाडू घेऊन दिसेल त्या जनावराला भरवत सुटली. बन्सीलाल फाटकात बॉयलरची जुनी सळई घेऊन उभा राहिला. घोड्यांना दाणा चालत नाही, पुण्य पाहिजे असेल तर मला भरवा, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. दुपारपर्यंत त्याने इतकी घुघरी खाल्ली की सुंदराने त्याला ओवा दिला.

चारच्या सुमारास मगनभाई काठी टेकत आला. फाटकातच थांबला. गोधडी काढा म्हणाला. बन्सीलालने ती काढली. मगनभाईने डोळे बारीक करून एका बाजूने बघितलं, मग सगळा वळसा घालून दुसऱ्या बाजूने. फासळी दिसली नाही. तो जवळ गेला, पंजा पसरून चाचपू लागला. एक लागली, दुसरी लागली, तिसरीपाशी हात घसरला. त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. मोगरीने वैतागून शेपटी त्याच्या तोंडावर मारली.

मगनभाई मोठ्याने हसला. खिशातून फोन काढला आणि तिथल्या तिथे गाडी नको म्हणून सांगून टाकलं. मग बन्सीलालला मिठी मारून विचारलं की बन्सीभाई, हे कोणी शिकवलं?

तीन आठवडे मनात घोळवलेली, बॉयलर, राख आणि भिकन असलेली लांबलचक गोष्ट बन्सीलालच्या ओठांवर आली होती. त्याने ती गिळली.

"माझी आई अशी जेवायची," तो म्हणाला. "मी नाही बघितलं. हिने बघितलं."

पलीकडे घमेलं घासणाऱ्या सुंदराचा हात क्षणभर थांबला. मग ती पुन्हा घासू लागली, पण त्यांच्याकडे पाठ करून.

मगनभाई गेला. उन्हं कलली. तारेत अडकलेल्या कटलेल्या पतंगांकडे केसर आणि तेजल संशयाने बघत होत्या. सुंदराने पिशवीतून डबा काढला, संक्रांतीच्या तिळाच्या वड्या होत्या. एक तिने नवऱ्याच्या हातावर ठेवली, गोड बोला म्हणाली, आणि एक स्वतःच्या तोंडात घातली. बन्सीलालने कडाकडा चावून आपली संपवली. मग त्याची नजर तिच्याकडे गेली आणि तिथेच राहिली. सुंदराच्या तोंडातली वडी अजून तशीच होती. ती तिने उजव्या गालात धरली होती, डोळे किंचित मिटले होते आणि हळूहळू चोखत होती.

चहात बुडवलेली भाकर. कात्रीने तोडलेला दोरा. दोन वर्षांत तिने एकदाही फुटाणे मागितले नव्हते. सगळं त्याच्या डोळ्यांसमोरच तर होतं.

"कितला दिनपासून दुखी ऱ्हायनं?" त्याने विचारलं.

सुंदरा दचकली. काही नाही म्हणणार होती, पण तो वळून तिच्यासमोर पोत्यावर बसला होता, मोगरीपुढे बसायचा तसा, आणि उठणार नाही असं त्याच्या बसण्यावरूनच दिसत होतं.

"दोन वरीस व्हयनात," ती म्हणाली.

त्याने डब्यातली आणखी एक वडी घेतली, घमेल्याच्या काठावर ठेवून बत्त्यासारख्या मुठीने फोडली, भुगा केला आणि तळहातावर घेऊन तिच्यापुढे धरला. उद्या सकाळीच दातांच्या डॉक्टरकडे जायचं, मोगरीचा पहिला काला काशिनाथ कालवेल, त्याला आजच शिकवतो, असं त्याने ठरवूनही टाकलं.

सुंदराने भुग्याची चिमूट तोंडात टाकली. पदराने डोळे पुसले आणि हसली.

"जासू," ती म्हणाली. "फक्त माले त्या कुट्टीना मशीनमा नका टाका म्हणजे व्हयनं."

मोगरीने मधेच मान घालून उरलेला भुगा बन्सीलालच्या तळहातावरून चाटून घेतला.